अंगठ्याची जागा

1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात, लिओ फेंडरच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस बाहेर पडू लागला, तेव्हा त्याच्या अंगावर, सर्वांत बारीक तारेच्याही खालच्या बाजूला, एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली असे. वाजवणाऱ्याने बोटं त्या पट्टीला धरून ठेवायची आणि अंगठ्याने तारा छेडायच्या, ही त्यामागची कल्पना. 1974च्या सुमारास फेंडर कंपनीने ती पट्टी तिथून उचलली आणि तारांच्या वर, जाड तारेच्या बाजूला नेली. आता तिथे अंगठा टेकायचा होता आणि तारा छेडणं बोटांकडे आलं होतं. मधल्या बावीस-तेवीस वर्षांत वाद्याची लांबी, तारांची संख्या, त्यांचे स्वर, सगळं होतं तसंच राहिलं होतं. बदलला होता तो वाजवणाऱ्याचा उजवा हात, आणि कारखाना त्याच्या मागून चालत आला होता.

बेस गिटारचा इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांच्या नावांनी आणि मॉडेलांच्या सालांनी सांगतात. मला तो या उजव्या हाताचा इतिहास वाटतो. हात तारेवर कुठे पडतो, किती खोल जातो, सोडताना काय करतो, यातून बेसचा टोन ठरत आला. आणि हा हात नव्या जागी सरकला तो बहुतेक वेळा ताफ्यात काहीतरी कमी होतं म्हणून. कुठे आवाज पोहोचत नव्हता, कुठे ड्रमर नव्हता, कुठे ठरलेला वादकच आला नव्हता.

सुरुवात विजेच्याही आधीची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत न्यू ऑर्लिन्सच्या नाचघरांत डबल बेस वाजवणाऱ्यांचा आवाज कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्याखाली दबून जाई. तारा आतड्याच्या, माइक नाही, अँप्लिफायर नाही. मग तार नुसती छेडण्याऐवजी बोटांनी फळीपासून दूर ओढायची आणि सोडून द्यायची. परत येताना ती फळीवर आपटते, सुराच्या जोडीला ‘टक’ असा ठोका उमटतो, आणि तो ठोका गर्दीतूनही पार शेवटच्या भिंतीपर्यंत जातो. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, पुढे ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातला वेलमन ब्रॉड, ही या थापेची पहिली पिढी. 1954च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीचं पहिलं गाजलेलं गाणं मुद्रित झालं तेव्हा तिथे ड्रमर नव्हता. ताल धरून ठेवला तो बिल ब्लॅकच्या डबल बेसच्या थापेने. याच बिल ब्लॅकपुढे 1957मध्ये इलेक्ट्रिक बेस आला, एका गाण्याची सुरुवात त्याला काही केल्या जमेना, आणि शेवटी ती एल्विसनेच वाजवली, असं सांगतात. मला यात नवल वाटत नाही. उभ्या वाद्यावर दंडापासून सगळा हात घालून वाजवणाऱ्या माणसाला गळ्यात अडकवलेल्या त्या आडव्या फळीवर हात ठेवायचा कुठे, हेच आधी नव्याने शिकावं लागलं असणार.

विजेवरचा, फ्रेट असलेला, आडवा धरायचा बेस फेंडरच्याही आधी झाला होता. सिएटलच्या पॉल टटमार्कने 1930च्या दशकात ऑडिओव्हॉक्स नावाने तो विकायला काढला, पण तो फारसा खपला नाही. फेंडरच्या वेळी परिस्थिती बदललेली होती. नाचाचे ताफे लहान होत चालले होते, गिटार मोठ्या आवाजाची झाली होती, आणि डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव नेणं वादकांना नकोसं झालं होतं. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दुकानात येणारे वादक काय कुरकुर करतात ते तो ऐके आणि त्यावर उपाय बांधे. डबल बेसच्या तारेची लांबी साधारण 105 सेंटिमीटर असते, त्याने ती 34 इंचांवर, म्हणजे 86 सेंटिमीटरवर आणली. गळ्यावर फ्रेट बसवल्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच आलं. 1952मध्ये त्याच्या जोडीला बेसमन हा अँप्लिफायरही आला.

बोटांनी धरायची ती पट्टी मात्र फार काळ कामाची राहिली नाही. या वाद्याकडे वळलेल्यांत डबल बेसवाले पुष्कळ होते. लायनेल हॅम्प्टनच्या ताफ्यातला मंक मॉन्टगोमेरी हा त्यांतला सर्वांत ठळक. डबल बेसवर अंगठा फळीच्या कडेला टेकतो आणि तर्जनी-मध्यमा तारा ओढतात. ही सवय असलेल्यांनी नव्या वाद्यावरही अंगठ्याला टेकू शोधला. तो त्यांना मिळाला पिकअपवर, किंवा पिकअप झाकणाऱ्या क्रोमच्या पत्र्यावर. पट्टी राहिली खाली, बिनकामाची. कित्येकांनी ती काढून टाकली.

इथे तारेच्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. पण तारेतून हा एकच स्वर निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही तिच्यात असतात, आणि कुठला उपस्वर किती उमटावा हे तार कुठे छेडली त्यावर ठरतं. गळ्याजवळ, तारेच्या मध्याकडे छेडली तर मूळ स्वर भरतो, वरचे उपस्वर कमी होतात, आवाज गोल आणि मऊ येतो. ब्रिजजवळ छेडली तर वरचे उपस्वर पुढे येतात आणि आवाज कडक, टोकदार होतो. तंबोऱ्याच्या जवारीखालचा दोरा केसभर सरकवला की त्याच तारेतून वेगळी झळाळी बाहेर पडते, हे ज्याने कान देऊन ऐकलंय त्याला बेसवर हात दोन इंच सरकवल्याने काय होतं हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यात आणखी एक भाग आपल्या कानाचा. लहान रेडिओच्या स्पीकरमधून 41चा स्वर निघतच नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण उपस्वरांच्या रांगेवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून बेसवादकाने ‘खालचं’ वाढवत बसण्यापेक्षा उपस्वर कोणते सोडायचे याचा विचार करावा.

हा विचार हाताने कसा होतो, हे डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनकडून शिकावं. 1936मध्ये साउथ कॅरोलायनात जन्मलेला, 1954मध्ये डेट्रॉइटला आलेला, शाळेत डबल बेस शिकलेला. मोटाउन कंपनीच्या स्टुडिओ ए मध्ये, ज्याला वादक ‘स्नेकपिट’ म्हणत त्या खोलीत, त्याने 1960च्या दशकातल्या शेकडो गाण्यांना बेस दिला. जवळजवळ सगळं एका तर्जनीने. मध्यमेचा आधार नाही, पिक नाही. अनामिका आणि करंगळी पिकअपच्या क्रोमच्या झाकणावर टेकलेली, आणि आकड्यासारखी वाकलेली तर्जनी तारा ओढते आहे. त्या बोटाला त्याचे सोबती ‘द हुक’ म्हणत. त्याचा 1962चा प्रिसिजन, त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या. या तारा तो तुटेपर्यंत बदलत नसे. तारा फळीपासून इतक्या उंच की दुसऱ्या कुणाला तो बेस वाजवणं जड जाई. ब्रिजच्या झाकणाखालचा फोमचा तुकडा फेंडरने तारांची गुंज लवकर थांबावी म्हणून बसवलेला होता. बरेच वादक झाकण आणि फोम दोन्ही फेकून देत, जेमर्सनने ते ठेवले.

आता हे एकत्र करून पाहा. जुन्या, मळलेल्या तारा, त्यामुळे वरचे उपस्वर बोथट. फोम, त्यामुळे स्वर लगेच मावळणारा. उंच तारा, त्यामुळे बोटाला जोर लावता येतो आणि तरी तार फ्रेटवर खडखडत नाही. आणि एकच बोट, त्यामुळे प्रत्येक स्वराचा वजनदारपणा सारखा. टोन असा गोल आणि आखूड ठेवल्यामुळेच तो इतक्या गुंतागुंतीच्या, आडव्या लयीच्या, पासिंग नोटांनी भरलेल्या ओळी वाजवू शकला. त्याच ओळी चमकदार, लांबणाऱ्या स्वरांत वाजवल्या असत्या तर गायकाच्या पायात आल्या असत्या. स्टुडिओत त्याचा बेस बहुधा थेट कन्सोलमध्ये जोडला जाई, म्हणजे त्या आवाजात अँप्लिफायरचा फारसा हात नव्हता. श्रोत्यांना त्याचं नाव 1971पर्यंत माहीत नव्हतं. मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ते पहिल्यांदा ठळकपणे छापलं गेलं. 1983मध्ये तो गेला, त्याच्या थोडं आधी तो बेसही चोरीला गेला होता. जगभरच्या बेसवादकांचं हे मोठंच नुकसान आहे.

आपल्याकडे मुंबईच्या सिनेसंगीतातही याच सुमारास डबल बेसच्या शेजारी बेस गिटार येऊन बसली, आणि ती वाजवणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ हे त्यांतलं महत्त्वाचं नाव. इथे बेसपुढचा पेच डेट्रॉइटहून वेगळा होता. तबल्याचा डग्गा, ढोलक, मादल यांनी खालची जागा आधीच धरलेली. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मुद्रित झालेली सत्तरच्या दशकातली गाणी ऐकताना जाणवतं की बेस डग्ग्याच्या घुमाऱ्याशी भांडत नाही, तो त्याच्या जरा वर, आखूड आणि स्पष्ट राहतो. आपल्या सिनेसंगीताच्या लेखनात गायक, संगीतकार, फार तर अरेंजर यांच्यापर्यंत लेखणी पोहोचते. या ताफ्यातल्या बेसच्या हातांवर कुणी सविस्तर लिहावं, असं फार वाटतं.

पिकने बेस वाजवणं अनेक शिकवणारे कमी दर्जाचं मानतात. त्यांनी कॅरल के यांची कारकीर्द पाहावी. 1963मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मुद्रणाला बेसवाला आलाच नाही, आणि गिटार वाजवायला आलेल्या केंच्या हातात बेस दिला गेला. त्या गिटारवादक असल्यामुळे पिक हातात होतंच. पिकने तार कडक, स्पष्ट बोलते. तो कडकपणा आटोक्यात ठेवायला त्या तारांवर फेल्टचा तुकडा लावत. त्याआधी नॅशव्हिलच्या स्टुडिओंत हेच दोन माणसांत वाटून घेत. डबल बेस भरीव खालचा स्वर द्यायचा आणि सहा तारांच्या डॅनइलेक्ट्रो बेसवर दुसरा वादक तीच ओळ हाताने दाबून पिकने वाजवायचा, नुसत्या ‘टिक’साठी. केंच्या हातात हे दोन्ही एका वाद्यात आले. बीच बॉइजच्या 1966च्या ‘पेट साउंड्स’वर त्यांचं वादन आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तारा बदलल्या. ‘द हू’च्या जॉन एंटविसलला पियानोच्या खालच्या सुरांसारखी धार बेसमध्ये हवी होती. त्याच्या शेजारी पीट टाउनशेंडची गिटार आणि कीथ मूनचे ड्रम असे काही उसळत असत की गुळगुळीत तारांचा आवाज त्यात बुडून जाई. 1966मध्ये तो तारा बनवणाऱ्या जेम्स हाऊंकडे गेला आणि दोघांच्या खटपटीतून रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा आल्या. गोल तारेने गुंडाळलेल्या, बोटाला खरखरीत, उपस्वरांनी भरलेल्या. लंडनमध्ये त्याच वसंतात ‘पेपरबॅक रायटर’ मुद्रित करताना जेफ एमरिक या तरुण तंत्रज्ञाने पॉल मॅकार्टनीचा बेस उठावदार यावा म्हणून एक मोठा स्पीकर उलटा वापरला, मायक्रोफोन म्हणून. हा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण वंशावळीत पुढे चालली ती एंटविसलची तार.

अंगठा परत आला तो ओकलंडमध्ये. लॅरी ग्रॅहम आई डेलसोबत क्लबांत वाजवत असे. आई पियानोवर, तो गिटारवर, आणि पायाने ऑर्गनचे खालचे सूर. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने तात्पुरता बेस भाड्याने आणला आणि तो बेसवरच राहिला. मग ताफ्यातून ड्रमर गेला. आता ताल कुणी द्यायचा? त्याने बास ड्रमच्या ठोक्याच्या जागी जाड तारेवर अंगठा आपटायला सुरुवात केली आणि स्नेअरच्या जागी बारीक तार बोटाने खेचून सोडायला. गळ्याच्या शेवटच्या फ्रेटांजवळ अंगठ्याचा हाडाचा भाग तारेवर पडतो, तार फ्रेटांवर आदळते आणि लगेच सुटते. पुढच्या ठोक्याला तर्जनी तारेखाली जाते आणि ती वर ओढून सोडते. डबल बेसच्या थापेशी याचं नातं उघड आहे, पण ग्रॅहम ते पाहून शिकला नव्हता. त्याच्या ताफ्यातली तीच उणीव त्याला त्याच उपायाकडे घेऊन गेली. या नात्याचा मला फार आनंद वाटतो. न्यू ऑर्लिन्स आणि मेम्फिसमधल्या हातांशी ओळख नसताना ओकलंडमधला हात तिथेच पोहोचला. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोनमध्ये त्याच्याजवळ उत्तम ड्रमर होता, तरी अंगठा थांबला नाही. 1969च्या डिसेंबरात त्यांचं ‘थँक यू’ हे गाणं आलं आणि बेसवादकांच्या पुढच्या पिढीने हात बदलला. राउंडवाउंड तारांची झळाळी आणि 1976मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या, वरचे स्वर वाढवता येणाऱ्या बेसमुळे हा ठोका आणखी धारदार झाला. त्यात नंतर बराच दिखाऊपणाही शिरला. ग्रॅहमच्या सुरुवातीच्या वादनात प्रत्येक ठोक्याला काम होतं, कारण तिथे खरोखर ड्रम नव्हता.

फेंडरने पट्टी हलवली ती साधारण याच काळात. बोटांनी वाजवणाऱ्यांना अंगठा टेकायला जागा मिळाली आणि पुढची पिढी तोवर अंगठाच आपटू लागली होती.

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या जॅको पास्टोरियसने वाद्यातलं फ्रेट हेच मूळ वैशिष्ट्य काढून टाकलं. त्याच्या 1962च्या जॅझ बेसवरचे फ्रेट उपटून त्याने फटी भरल्या. त्याला मींड हवी होती, गाणारा सूर हवा होता, पण आवाज झळाळीचाही हवा होता, म्हणून तारा राउंडवाउंडच. या खरखरीत तारा बिनफ्रेटच्या लाकडाला कापत जातात. त्यावर त्याने बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिला. लाकूड वाचलं आणि वर काचेसारखा कठीण पृष्ठभाग मिळाल्याने सूर आणखी लांब टिकू लागला. उजवा हात ब्रिजजवळच्या पिकअपवर, अगदी मागे. गळ्याजवळचा पिकअप बहुधा बंद. तिथे तार ताठ लागते, बोटाला मेहनत पडते, आणि आवाज नाकातून आल्यासारखा, मधल्या स्वरांचा, पण प्रत्येक अक्षर सुटं करणारा येतो. 1976मध्ये त्याची पहिली तबकडी आली, त्यात ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही जवळजवळ पूर्णपणे हार्मोनिक्सवर, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या उपस्वरांवर उभी असलेली रचना आहे. वेदर रिपोर्टच्या जो झॅविनुलने त्याची टेप ऐकून ‘तू इलेक्ट्रिक बेसही वाजवतोस का?’ असं विचारलं, अशी गोष्ट सांगतात. झॅविनुलला तो डबल बेस वाटला होता. 

टोन शोधणाऱ्या नव्या वादकाला मी याच क्रमाने जायला सांगेन. आधी हात. एकच ओळ गळ्याच्या टोकाशी, पिकअपवर आणि ब्रिजला लागून वाजवायची, आणि तिन्ही ठिकाणी जोर सारखा ठेवायचा. मग डावा हात, कारण स्वर कधी थांबवायचा हाही टोनच आहे. मग तारा, मग फोम. वाद्यावरचा टोनचा नॉब त्यानंतर, अँप्लिफायर सर्वांत शेवटी. आणि हे सगळं शक्य तितकं इतरांबरोबर वाजवताना ठरवायचं. खोलीत एकट्याने वाजवताना खालचे आणि वरचे स्वर वाढवून मधले कमी केले की आवाज भव्य वाटतो. तोच आवाज गिटार आणि ड्रममध्ये गेला की ऐकू येईनासा होतो, कारण बेसची ओळख साधारण 200 ते 800 हर्ट्झच्या त्या मधल्या पट्ट्यातच असते. एकट्याने ऐकताना ओबडधोबड, थोडासा घोगरा वाटणारा आवाज ताफ्यात बरोबर बसतो, हा अनुभव बहुतेक बेसवादकांना येतो. पेडल आणि प्लगइन विकत घेण्यापूर्वी हा अनुभव घ्यावा.

बेसच्या चार तारांच्या पाच झाल्यावर अंगठ्याला पुन्हा घर बदलावं लागलं. पाचव्या तारेचा स्वर 31 हर्ट्झच्या आसपास, आणि न वाजवलेल्या जाड तारा आपोआप घुमू लागतात. म्हणून अनेक वादकांचा अंगठा आता एका जागी टेकत नाही, तो हाताबरोबर तारांवरून सरकतो आणि मागच्या तारा दाबून ठेवतो. गॅरी विलिस या बेसवादकाने तारांखाली, पिकअपच्या शेजारी लाकडाचा एक ठोकळा बसवला, त्याला रॅम्प म्हणतात. त्यामुळे बोट ठराविक खोलीपलीकडे जाऊच शकत नाही, हात हलका राहतो आणि सगळे स्वर सारखे येतात. जेमर्सनच्या हुकच्या अगदी उलट दिशेचा हा विचार, आणि दोन्ही बरोबर.

या सगळ्या शाखा एकाच हातात उतरलेल्या पाहायच्या तर कार्डिफचा पिनो पॅलाडिनो ऐकावा. 1983मध्ये पॉल यंगने मार्व्हिन गेचं एक जुनं मोटाउन गाणं नव्याने गायलं, त्याची सुरुवातच पॅलाडिनोच्या बिनफ्रेटच्या स्टिंगरेवरच्या गाणाऱ्या ओळीने होते. पुढची काही वर्षं लोक त्याला त्याच आवाजासाठी बोलवत राहिले. 2000 साली डिअँजेलोच्या ‘वूडू’ या तबकडीवर तो जुन्या प्रिसिजनवर, फ्लॅटवाउंड तारांवर आला, आवाज बोथट, हात तालाच्या किंचित मागे. 2002च्या जूनमध्ये, द हूचा अमेरिका दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जॉन एंटविसल लास वेगासमध्ये वारला. काही दिवसांतच हॉलिवूड बोलमध्ये त्याच्या जागी पॅलाडिनो उभा होता, आणि एंटविसलची ती पियानोसारखी धार त्याने उचलायचा प्रयत्न केला नाही.